पंच्याऐंशी ग्रेन दारू

निवृत्त होऊन सव्वा वर्ष झालं, पण माझा उजवा खांदा अजून कामावरच आहे. सकाळी वरच्या फळीवरचा चहाचा डबा काढायला हात वर केला की तो कुरकुरतो. अडतीस वर्षं रोज बंदुकीचे वीस-तीस बार त्याने सोसले, तेव्हा कुरकुरायचा त्याला हक्क आहे. इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाच्या संपादिकाबाई फोनवर म्हणाल्या, "काका, तुमच्या जॉबबद्दल लिहा ना, इतका इंटरेस्टिंग जॉब होता तुमचा!" काम इंटरेस्टिंग आहे असं म्हणणाऱ्यांनी ते कधी केलेलं नसतं. मी आधी नाही म्हणालो. मग दोन दिवसांनी होकार दिला, कारण या कामातली एक गोष्ट माझ्या मनावर बसली आहे आणि ती एकदा नीट सांगून टाकावी असं वाटलं.

मी जर्मनीत आखनला शिकायला आलो तेव्हा माझ्याबरोबरचे सगळे गाड्यांच्या मागे होते. ते शिकले आणि इंगोलश्टाटला गेले, मोठ्या कारखान्यांत लागले. मला त्या वर्षी कुठेच नोकरी मिळेना. व्हिसाची मुदत संपत आली होती. शेवटी आयफेलच्या डोंगरात, आखनपासून तासाभरावर, एका चौदा माणसांच्या कारखान्यात जागा मिळाली. एक-दोन वर्षं काढू आणि मग गाड्यांकडे जाऊ असं ठरवलं होतं. त्याच कारखान्यातून पेन्शनीत निघालो.

कारखाना ठासणीच्या बंदुकांच्या गोळ्या आणि त्या ओतायचे साचे बनवायचा. कोकणातल्या वाचकांना ठासणीची बंदूक सांगायला नको. आमच्या लांज्याकडे रानडुकरं आणि माकडं हाकायला अजून घरोघर असते. इतरांसाठी सांगतो. हिला काडतूस नसतं. नळीच्या तोंडातून आधी दारू ओतायची, मग गोळी ठेवायची, गजाने ती तळापर्यंत ठासायची, मागे ठिणगी देणारी एक छोटी तांब्याची टोपी बसवायची आणि चाप ओढायचा. एक बार झाला की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. शिकाऱ्याला एकच संधी मिळते. ती हुकली तर जनावर दुसऱ्या बाराची वाट बघत थांबत नाही.

आणि गंमत अशी की जर्मनीत या बंदुकीने हरणं-डुकरं मारायला परवानगीच नाही. निशाणेबाजी करा, छंद म्हणून भिंतीला टांगा, पण शिकार नाही. जुन्या धाटणीची एकबारी बंदूक घ्यायला इथे परवाना लागत नाही, पण तिच्यात भरायची दारू घ्यायला लागतो. आमची गिऱ्हाइकं म्हणून शिकारीला बाहेर जायची. कुणी अमेरिकेला, बरेचसे सीमेपलीकडे फ्रान्समधल्या आर्डेनच्या जंगलात. जाण्यापूर्वी ती आमच्याकडे येत, आणि त्यांचा प्रश्न ठरलेला असे. माझ्या बंदुकीला कुठली गोळी, आणि किती दारू?

हा प्रश्न सोडवणं हे माझं काम. दारूच्या मापाला जर्मनमध्ये 'लाडुंग' म्हणतात. माझ्या बायकोने, मंगलाने, पहिल्याच आठवड्यात त्याचे लाडू करून टाकले. माहेरी फोनवर सांगायची, "लोकं जर्मनीत येऊन गाड्या बनवतात, आमचे हे शिशाचे लाडू वळतात." तिच्या आईला त्याहून मोठी काळजी होती. इथे मालकाला 'शेफ' म्हणतात. त्यामुळे जावई कुठल्या तरी आचाऱ्याच्या हाताखाली लाडू वळतो अशी सासूबाईंची बरीच वर्षं समजूत होती. मी ती काढली नाही. बंदुकीच्या दारूचं काम करतो हे सांगण्यापेक्षा ते बरं होतं.

काम समजायला कठीण नाही. नळीच्या आतल्या अंगाला खोबणी असतात आणि त्यांना पीळ असतो. पीळ सैल असेल तर जुनी गोल गोळी द्यायची, तेल लावलेल्या फडक्यात गुंडाळून. पीळ घट्ट असेल तर लांबट, जड गोळी. दारू कमी झाली तर गोळी दमते, खाली पडते, जनावराच्या आत पुरेशी शिरत नाही. जास्त झाली तर खांदा फुटतो आणि गोळ्या निशाणाच्या कागदावर पांगतात. मधे कुठेतरी एक माप असतं, जिथे ती विशिष्ट नळी त्या विशिष्ट गोळीवर खूष असते. ते माप पुस्तकात सापडत नाही. एकाच दिवशी, एकाच यंत्रावर बनलेल्या दोन नळ्यांची आवडसुद्धा वेगळी निघते. म्हणून कमीपासून सुरुवात करायची, पाच बार काढायचे, नळी पुसायची, कागद बघायचा, पितळी मापाची सरकपट्टी थोडी पुढे सरकवायची, पुन्हा पाच. कारखान्यामागे शंभर मीटरचा बंदिस्त बोगदा होता. माझ्या आयुष्यातले बहुतेक उन्हाळे त्यातच गेले.

लोकांना वाटायचं की जास्त दारू म्हणजे जास्त बंदूक. ड्युसेलडॉर्फचे एक दातांचे डॉक्टर होते, सगळं सामान चकचकीत, गजालासुद्धा चांदीची मूठ. आले की म्हणायचे, "हेर साळवी, माक्सिमुम!" ('हेर' म्हणजे इकडचं 'श्रीयुत'.) मी त्यांना सांगून थकलो. शेवटी एका दिवशी म्हटलं, ठीक आहे, तुम्हीच काढा बार. तिसऱ्या बाराला त्यांनी बंदूक खाली ठेवली आणि जबडा धरला. दातांच्या डॉक्टरने जबडा धरलेला मी तेव्हाच पाहिला. नंतर त्यांच्या मापापेक्षा बऱ्याच कमी दारूवर त्यांच्या बंदुकीने पाच गोळ्या एका नाण्याएवढ्या जागेत टाकल्या. ते खूष झाले नाहीत. त्यांना नेम नको होता, धमाका हवा होता. अशा माणसांचं समाधान करता येत नाही, आणि पुढे पुढे मी ते करायचंही सोडून दिलं.

उलट माझी सगळ्यात हुशार गिऱ्हाईक होती एक डच बस ड्रायव्हर बाई. ठेंगणी, अबोल. तिने पहिल्याच भेटीत विचारलं की कमीत कमी किती दारूत जनावर जागेवर पडेल, आणि किती जवळ जावं लागेल. अडतीस वर्षांत हा प्रश्न असा सरळ विचारणारी ती एकटीच. तिला मी गोल गोळी दिली. ती दरवर्षी नाताळच्या आधी फोन करायची आणि दोनच शब्द सांगायची, "जागेवर पडलं." मला तेवढं पुरायचं.

हे वाचून कुणाला वाटेल की मी शिकारी आहे. मी आजवर एकही जनावर मारलेलं नाही, मारावंसंही वाटलं नाही. घरी आठवड्यातून दोनदा मासे, बाकी वरणभात. पण माझ्या मापाने दुसरा कुणी मारणार आहे हे मला रोज ठाऊक होतं. म्हणून माझ्यापुरता एक नियम होता: जे मरायचं ते जागेवर मरावं. चुकीच्या मापाने जनावर वाचत नाही. ते जखमी होतं आणि रात्रभर कुठेतरी झुडपात पडून मरतं. हे मी प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला सांगायचो. फारच गंभीर चेहऱ्याने सांगायचो बहुतेक, कारण शेफ मला मागून 'पाद्रीबुवा' म्हणायचे.

आणखी एक नियम मीच घालून दिला होता. माप तोंडी सांगायचं नाही. बोगद्यात काम झालं की मी एका जाड कार्डावर गोळी, दारूची जात आणि आकडा लिहून सही करायचो. गिऱ्हाइकाने ते कार्ड बरोबर घेऊन जायचं. याला कारण जर्मन आकडे. जर्मन माणूस पंच्याऐंशीला 'फ्युन्फ-उंड-आख्टसिग' म्हणतो, म्हणजे पाच आणि ऐंशी. इंग्रज, फ्रेंच गिऱ्हाइकं इथे हमखास आपटायची. पाच ऐकलं की आधी पाच लिहायची, मग आठ, आणि पंच्याऐंशीचे अठ्ठावन्न व्हायचे. दारूच्या मापात हे चालत नाही.

माझं मात्र कधी चुकलं नाही, आणि याची मला भलती घमेंड होती. अहो, आपणही तेच म्हणतो! पंच्याऐंशी, पाच आधी आणि ऐंशी नंतर. अठ्ठावन्न, आठ आधी आणि पन्नास नंतर. जर्मन भाषेत मला सगळं परकं वाटलं, पण आकडे ऐकले तेव्हा गावचं कुणी भेटल्यासारखं वाटलं. कँटीनमध्ये मी हे व्याख्यान अनेकदा दिलं आहे. मराठी शाळेत पाढे म्हटलेल्या माणसाचा जर्मन आकडा उलटा पडणं शक्य नाही, असं मी ठासून सांगायचो. आमची मुलगी ईशा इथेच वाढली. मी "पंच्याऐंशी" म्हटलं की ती विचारायची, "बाबा, वास? काय? फ्युन्फ-उंड-आख्टसिग?" मी म्हणायचो, "गेनाऊ, तेच." तिच्यासाठी मराठीची वाट जर्मनमधून जात होती. मला त्याचंही कौतुक वाटायचं.

आता हेर वोल्टर्स. नाव बदललं आहे, बाकी काही बदललेलं नाही. चौऱ्याहत्तर वर्षांचे, जमीनमोजणी खात्यातून निवृत्त झालेले. आयफेलमधल्याच एका खेड्यात बायकोबरोबर राहायचे. उंच, वाळकुडे, कमी बोलणारे. ते पंधरा वर्षं माझ्याकडे येत होते आणि त्या पंधरा वर्षांत त्यांनी कधी घाईने चाप ओढल्याचं मला आठवत नाही. तीनपैकी दोन वेळा ते न झाडताच परत यायचे. "नीट दिसलं नाही," एवढंच सांगायचे. हातात बंदूक घेतली की त्यांचा हात दगडासारखा स्थिर असायचा. त्यांना त्या हाताचा अभिमान होता. तोंडाने कधी म्हणाले नाहीत, पण त्यांना तो होता.

दोन वर्षांपूर्वीच्या ऑक्टोबरात त्यांना आर्डेनमध्ये लाल हरणाच्या मोठ्या नरासाठी, म्हणजे तिकडच्या सांबरासाठी, बोलावणं आलं. अशी संधी त्यांना पहिल्यांदाच मिळत होती. नेहमीची गोल गोळी त्याला हलकी पडली असती, म्हणून आम्ही एक जड, लांबट गोळी निवडली. त्यांची नळी तिला मानवेल की नाही याची मला शंका होती. दिवसभर बोगद्यात होतो. मी माप भरायचो, ते बार काढायचे. संध्याकाळी पंच्याऐंशी ग्रेनवर, म्हणजे साधारण साडेपाच ग्रॅम दारूवर, पाच गोळ्या एकमेकींना चिकटल्या. (हा आकडा त्या नळीचा आहे. वाचकांपैकी कुणी लांज्याकडे घेऊन जाऊ नये.) ते नुसते "जा" म्हणाले, म्हणजे "हो". जर्मन माणसाच्या एका "जा"त कधी कधी अख्खं प्रशस्तिपत्र असतं.

कार्डं संपली होती. मी म्हटलं, उद्या लिहून पोस्टात टाकतो, तुम्ही शनिवारी निघणार, तोवर मिळेल. पोस्टाने काय केलं कुणास ठाऊक. शनिवारी सकाळी मी कारखान्यात होतो, कारण त्या महिन्यात आमच्याकडे अमेरिकन पाहुणे होते. तिकडची एक कंपनी आमच्या गोळ्या घेणार होती. तीन आठवडे मी सकाळ-संध्याकाळ इंग्रजीत बोलत होतो, इंग्रजीत लिहीत होतो. मोजायचोही इंग्रजीत, आणि दमून गेलो होतो. फोन वाजला.

"हेर साळवी, वोल्टर्स बोलतोय. मी बेल्जियमच्या हद्दीजवळ पेट्रोल पंपावर उभा आहे. कार्ड आलं नाही. आकडा किती होता?"

माझी वही समोर होती. त्यात ८५ लिहिलं होतं आणि मनात मी ते वाचलं, एटी-फाइव्ह. शेजारी अमेरिकन पाहुणा हातात कागद घेऊन उभा होता. आपलाच नियम मोडतोय हे मला कळत होतं, पण मनात म्हटलं, आपला आकडा कुठे चुकतो? आणि मी तो एटी-फाइव्ह जसाच्या तसा, डावीकडून उजवीकडे, जर्मनमध्ये नेला. एटचा आख्ट आणि फाइव्हचा फ्युन्फ.

"आख्ट-उंड-फ्युन्फसिग," मी म्हणालो. अठ्ठावन्न.

"आख्ट-उंड-फ्युन्फसिग," त्यांनी पुन्हा म्हटलं आणि लिहून घेतलं. त्यांनी खात्री करून घेतली होती हो. मी "गेनाऊ" म्हणालो, फोन ठेवला आणि अमेरिकन माणसाकडे वळलो. मला काही म्हणजे काही जाणवलं नाही.

पुढे काय झालं ते मला नोव्हेंबरात शेफकडून कळलं. वोल्टर्सनी सांबर जखमी केलं होतं. पन्नास-साठ पावलांवर, उघड्यावर आडवं उभं होतं, याहून सोपं जनावर नाही. गोळी चार बोटं खाली लागली. कुत्री घेऊन दीड दिवस माग काढला. दुसऱ्या दिवशी दुपारी ओढ्याकाठी सापडलं, मेलेलं. मी म्हटलं, "वोल्टर्स? शक्यच नाही." शेफ म्हणाले, "वय झालं, हेर साळवी. सगळ्यांचंच होतं." मलाही ते पटलं. वाईट वाटलं आणि मी कामाला लागलो.

जानेवारीत वोल्टर्स स्वतः आले. बंदूक आणली होती, पुसून, तेल लावून, कापडात गुंडाळून. आमच्यामार्फत विकून टाका म्हणाले. बरोबर साचे, माप, गज, सगळं. त्यांची छोटी वहीही होती. ती त्यांनी उघडून माझ्यासमोर ठेवली, म्हणजे नव्या मालकाला या नळीची सवय कळेल. शेवटच्या पानावर त्यांच्या मोजणीखात्याच्या रेखीव अक्षरात नव्या गोळीचं नाव होतं आणि पुढे ५८.

मी त्या आकड्याकडे बघितलं आणि सगळं एकदम कळलं. पेट्रोल पंप, फोन, एटी-फाइव्ह. 

वोल्टर्स शांतपणे बोलत होते. "मी फार विचार केला. गोळी आपण तपासली होती. बंदूक तपासली होती. माप तुम्ही दिलं होतं आणि तुमचा आकडा चुकत नाही. आल्झो, म्हणजे उरलो मी. माझा हात हलला असणार आणि मला ते कळलंही नाही. हे जास्त वाईट आहे. हात हलतो हे कळतं तोवर ठीक असतं."

त्या क्षणी एक वाक्य बोलायचं होतं. जर्मन मला येतं, तोंडात जीभही होती. शेफ दोन हातांच्या अंतरावर उभे होते. नुकसानभरपाई, विमा, कारखान्याचं नाव असले शब्द माझ्या डोक्यात फिरले. माझ्या निवृत्तीला सहा महिने राहिले होते. हे सगळं मी आज कारण म्हणून सांगतोय, पण खरं कारण लाज होती. ज्या एका गोष्टीची अडतीस वर्षं फुशारकी मारली, तिथेच मी पडलो होतो, आणि ते मला कबूल करवेना. मी म्हणालो, "हेर वोल्टर्स, इतका कडक निकाल लावू नका." असलं गुळमुळीत वाक्य. त्यांनी मान हलवली, शेफशी हात मिळवला, माझ्याशी मिळवला आणि गेले.

घरी मंगलाला सांगितलं. ती भाजी चिरत होती. तिने सुरी खाली ठेवली आणि विचारलं, "अहो, मग तुम्ही काय म्हणालात त्यांना?" मी म्हटलं, काही नाही. ती म्हणाली, "उद्या फोन करा." दुसऱ्या दिवशी केला नाही. ती आठवडाभर रोज विचारायची, मग आठवड्यातून एकदा, मग तिने विचारणं सोडलं. ते मला विचारण्यापेक्षा जड गेलं. मी स्वतःची समजूत घालत होतो: माणूस चौऱ्याहत्तर वर्षांचा, आज ना उद्या सोडलीच असती शिकार. जनावर तर गेलंच, आता सांगून काय परत येणार आहे? मे महिन्यात त्यांची बंदूक एका बेल्जियन माणसाने नेली. तिचं कार्ड मीच लिहिलं. आकडा ८५ घातला, चार वेळा तपासून.

जूनअखेर निरोप समारंभ झाला. शेफनी भाषणात सांगितलं की हेर साळवींनी एवढ्या वर्षांत एकही आकडा चुकवला नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मंगला माझ्या शेजारी बसली होती. तिने टाळ्या वाजवल्या नाहीत. मांडीवर हात ठेवून समोर बघत राहिली. घरी येताना गाडीत ती फक्त एवढंच म्हणाली, "माझ्याच्याने नाही झालं हो."

त्यानंतरही मला अडीच महिने लागले. सप्टेंबरात एका गुरुवारी बसने त्यांच्या गावी गेलो. गाडी मुद्दामच नेली नाही. गाडी असली की माणूस गावाच्या पाटीपासून मागे फिरू शकतो. बसला परतीची वेळ ठरलेली असते. त्यांच्या बायकोने, फ्राउ वोल्टर्सनी, दार उघडलं. त्यांना वाटलं मी सहज भेटायला आलो. आनंद झाला त्यांना. ताटलीत प्लमचा केक आला. वोल्टर्स खिडकीपाशी बसले होते. बारीक झाले होते. मी केकला हात लावला नाही आणि बसल्या बसल्या सांगून टाकलं.

"हेर वोल्टर्स, तुमचा हात हलला नव्हता. आकडा पंच्याऐंशी होता. फ्युन्फ-उंड-आख्टसिग. मी फोनवर उलटा सांगितला."

फ्राउ वोल्टर्स एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होत्या. मग त्यांनी, म्हणजे वोल्टर्सनी, टेबलावर बोटाने दोन आकडे काढले. आठ आणि पाच. मग उलटे. मोजणीखात्याचा माणूस, डोक्यात हिशोब लगेच झाला असणार. एवढी दारू कमी, एवढ्या पावलांवर, गोळी किती खाली.

"चार बोटं," ते म्हणाले.

"जा," मी म्हणालो.

"हे तुम्हाला कधी कळलं?"

खोटं बोलायची शेवटची संधी होती. मी म्हणालो, "जानेवारीत. तुम्ही वही उघडलीत तेव्हा."

"म्हणजे मी तिथे उभा असताना."

"जा."

त्यांनी बाहेर बघितलं. बाहेर अंगण होतं आणि गाडीसाठी फरसबंद जागा होती, रिकामी. "फेब्रुवारीत मी गाडी दिली," ते म्हणाले. "माझा हात मला न कळवता हलतो असं वाटलं, तर मी रस्त्यावर गाडी कशी चालवणार? कुणाचं मूल मधे आलं असतं तर?" आवाज चढला नव्हता. चढला असता तर मला सोपं गेलं असतं. "आकडा चुकतो, हेर साळवी. मी चाळीस वर्षं जमिनी मोजल्या, माझेही चुकलेत. त्याबद्दल मी काही म्हणणार नाही."

मग फ्राउ वोल्टर्स बोलल्या. "मार्चमध्ये आम्हाला नात झाली," त्या म्हणाल्या. "सहा महिन्यांची आहे. यांनी तिला एकदाही उभं राहून घेतलेलं नाही. कोचावर बसतात, दोन्ही बाजूंना उशा लावायला सांगतात, मग घेतात. एक मिनिट. मग म्हणतात, घ्या हिला परत."

"इंगे, पुरे," ते म्हणाले.

मी माफी मागितली. जर्मनमध्ये माफीला चांगले लांबलचक शब्द आहेत, ते सगळे वापरले. ते ऐकत होते की नाही माहीत नाही. या माणसाचा आठ महिन्यांचा काळ मी माझ्या लाजेपायी खाल्ला होता, आणि त्याचं माप कुठल्या कार्डावर लिहून देता येणार नव्हतं. माझ्या हातून जनावर हाल होऊन मेलं याचं दुःख आहेच. पण त्या उशांचं ऐकलं आणि मला वाटलं, जमिनीने पोटात घ्यावं.

वोल्टर्सनी घड्याळ बघितलं. "तुमची बस चार वाजून बारा मिनिटांनी आहे," ते म्हणाले. "तिच्यानंतरची थेट सात वाजता. निघा तुम्ही." मला हाकलत होते की माझी सोय बघत होते, हे मला आजही कळलेलं नाही. मी उठलो. फ्राउ वोल्टर्स आतच बसून राहिल्या. ते मात्र दारापर्यंत आले.

दारात मी पुन्हा काहीतरी बोलायला लागलो, तर त्यांनी मान हलवून थांबवलं आणि हात पुढे केला. इथे निरोप घेताना हात मिळवतातच, म्हणून मी धरला. पण त्यांनी तो सोडला नाही. माझा हात घट्ट धरून ते खाली बघत राहिले, दोघांच्या हातांकडे, बंदुकीच्या नळीवरून बघायचे तसे, श्वास रोखून. मला वाटलं हा माणूस मला क्षमा करतोय. मग कळलं की त्यांचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. ते आपला हात तपासत होते. आम्ही दोघंही बघत होतो. हात हलत होता. हलत होता तो माझा.